अकरा नंबरची कडी

"वहिनी, माझ्या मागं ते जर्मन पिस्तूल तुम्ही स्वतः पाहून घ्या. सुधीरला एकट्याला नका पाठवू. तुम्ही जा." वसंतभाऊजी माझ्याशी धड बोलले असं हे शेवटचं. चेरीतालच्या त्यांच्या खोलीत खाटेशेजारी मी बसले होते, मुगाचं पाणी चमच्यानं देत होते. मी विचारलं, "काहून? त्यात काय पाहायचं आहे मी?" ते हसले आणि भिंतीकडं वळून झोपले. चार दिवसांनी सकाळी शेजारच्या घरून फोन आला. मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की हा माणूस मला त्या पिस्तुलाकडं का पाठवून राहिला होता? मरतानाही माझ्यावर काहीतरी ढकलून गेला की काय?

ईशा आणि निखिल, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्हाला मराठी कळतं, पण वाचताना कंटाळता, म्हणून सुधीर, तुमचे बाबा, मोठ्यानं वाचून दाखवतील. वसंतआजोबा तुम्हाला माहीत आहेत ते व्हिडिओ कॉलवर कान दिसेल असा फोन धरणारे, एवढेच. ते तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. नोकरीची सगळी वर्षं इथल्याच लष्करी कारखान्यात तपासनीस होते, म्हणजे तयार झालेला प्रत्येक नग मापात आहे की नाही ते पाहायचं आणि मगच त्यावर ठसा मारायचा. आजोबा त्याच कारखान्याच्या कचेरीत होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. आम्ही तिघं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, असे चेरीतालच्या घरात राहत होतो.

त्या घरात दोन पिस्तुलं होती. इंग्रज देश सोडून निघाले तेव्हा छावणीतल्या साहेबांनी घरचं सामान विकायला काढलं. कोणी जेवणाचं टेबल घेतलं, कोणी चिनी मातीच्या बशा. मामंजी डेपोत कारकून होते, त्यांनी एका कॅप्टनकडून ही दोन शस्त्रं घेतली आणि रीतसर परवाना करून घेतला. पुढं नियमाप्रमाणे त्यांतून गोळी सुटणार नाही अशी व्यवस्थाही करून घेतली, त्याचा कागद परवान्याला टाचलेला आहे. मामंजींनंतर ती भाऊजींच्या नावावर झाली. एक होतं इंग्रजी फौजेचं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. ते मधोमध मोडून उघडतं. त्याच्या मागच्या घोड्याला अंगठ्यासाठी जो कान असतो तो मुळातच नव्हता. भाऊजी सांगत, रणगाड्यात बसणाऱ्या शिपायांसाठी तसं केलं होतं, आत अडचणीत तो कान कपड्याला आणि कुठंकुठं अडकायचा. पॉलिशही नव्हतं, नुसता मळकट काळा रंग. "लढाई चालू असताना चकाकी कोण देऊन राहिलंय वहिनी? माणसं मरून राहिली होती." दुसरं होतं जर्मन. ते पातळ, तिरक्या मुठीचं, आणि त्याचा मागचा भाग गुडघ्यासारखा वर दुमडायचा. कॅप्टन म्हणाला होता, आफ्रिकेच्या वाळवंटात एका पकडलेल्या अधिकाऱ्याच्या कमरेचं काढलं. मामंजींना ते कधी खरं वाटलं नाही. "कैरोच्या बाजारात घेतलं असेल आणि बायकोला शौर्य सांगत असेल," असं ते म्हणायचे. तेव्हा संशय घेण्यात मी या घरात एकटी होते असं समजू नका. फक्त बाकीचे संशय घेऊन विसरायचे.

त्या जर्मन पिस्तुलाची एक गोष्ट भाऊजींना फार आवडायची. त्याच्या अंगावर जो नंबर आहे, त्याचे शेवटचे दोन आकडे, सहा आणि तीन, त्याच्या प्रत्येक लहान भागावर ठोकलेले होते. चापावर, खटक्यावर, अगदी नखाएवढ्या पट्टीवरसुद्धा त्रेसष्ट. एखादा भाग बदललेला असला की लगेच कळतं, आणि जमवणाऱ्या लोकांच्या लेखी त्या शस्त्राची किंमत अर्ध्यावर येते. भाऊजी रविवारी सकाळी जुन्या वर्तमानपत्रावर सगळं मांडायचे, तेलाचा बोळा फिरवायचे आणि मला हाक मारायचे, "वहिनी, या, हजेरी घ्या. सगळे त्रेसष्ट हजर आहेत." एकच उणीव होती. फौजेच्या पिस्तुलाच्या मुठीला एक कडी असते. तीत दोरी ओवून दुसरं टोक अधिकाऱ्यानं खांद्यात अडकवायचं, म्हणजे घोड्यावरून पडला किंवा हात सुटला तरी हत्यार हरवत नाही. इंग्रजी रिव्हॉल्व्हरची कडी शाबूत होती. जर्मन पिस्तुलाची नव्हती, नुसती भोकं. "बिनकडीचं पिस्तूल म्हणजे बिनवारसाचं," असं ते म्हणायचे, आणि ते त्यांना बोचत असे.

आता पासष्ट साल. लढाई सुरू झाली आणि कारखान्यात पाळ्या वाढल्या. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले. शाळेत, नळावर, भाजीवाल्यापाशी एकच बोलणं, कोण हेर आहे आणि कोणाचा माणूस कोणाला भेटला. फाटकावर झडती कडक झाली. आत जाताना पितळी बिल्ला घ्यायचा, बाहेर येताना जमा करायचा, हात वर करून उभं राहायचं, डबा उघडून दाखवायचा. त्यात एक कुजबुज उठली की भाऊजींच्या विभागातून लहान लहान नग कमी होऊन राहिले आहेत. आजोबांची बढती तेव्हा अडून बसली होती, त्यासाठी घरी येऊन पोलीस चौकशी करून गेले होते. आजोबा मला म्हणाले, "आपल्या घरावर बोट यायला नको, एवढंच." मी ते वाक्य मनात धरलं. फार घट्ट धरलं.

त्याच दिवसांत आम्ही बायका जवानांसाठी स्वेटर विणत होतो. माझ्या घरी बारा-चौदा जणी जमायच्या. लोकर वाटून द्यायची, सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. नऊ नंबरच्या सुया अंगासाठी, अकराच्या किनारीसाठी, कारण किनार घट्ट लागते. माझ्याकडं पोलादी सुया होत्या, प्रत्येकीवर डोक्याजवळ नंबर ठोकलेला. मी त्यांची वही ठेवली होती. आजोबा चिडवायचे, "हिनं घरात कारखाना उघडला आहे, आता बिल्लेही वाटेल." एका संध्याकाळी अकरा नंबरची एक सुई कमी आली. मी तीनदा मोजल्या. बायकांना पिशव्या उघडायला लावल्या... होय, लावल्या. शेजारच्या एक वैनी त्या दिवसानंतर विणायला आल्या नाहीत. घरात मी मोठ्यानं म्हटलं, "चोर आपल्यातलाच आहे, आणि मी त्याला शोधीन." भाऊजी तेव्हा ताटावर बसले होते. पोळीचा घास त्यांनी तसाच हातात धरला होता, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं, असंच म्हणावं लागेल.

नंतरच्या आठवड्यात, शनिवारी, मी डबे घासायला घेतले. घरातले डबे मीच घासायची, थोरली सून म्हणून नाही, तर दुसऱ्यांनी घासलेले मला पटायचे नाहीत म्हणून. भाऊजींच्या डब्याचा खालचा पुडा उघडला तर त्यात तेलकट फडकं, आणि फडक्यात एक पोलादी कडी. नवी, चकचकीत, अंगठीपेक्षा थोडी लांबट. मी ती नीट पाहिलीसुद्धा नाही, होती तशी गुंडाळली, पुडा लावला, डबा बाजूला ठेवला. भाऊजी आले, त्यांनी डबा स्वतः उचलला. "मी घासतो वहिनी, तुम्हाला काहून त्रास." आजवर कधी घासला नव्हता. मला आणखी काय हवं होतं? नग कारखान्यातून जात होते आणि आमच्या मोरीतून घरात येत होते.

मी त्यांना विचारलं नाही. तुम्ही म्हणाल, आजी, एका वाक्याचं काम होतं. होतं. पण ते कबूल झाले असते तर मला माहीत झालं असतं, आणि पोलीस पुन्हा आले असते तर मला खोटं बोलावं लागलं असतं. आणि ते नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. असा मी हिशेब मांडला, आणि तो मला शहाणपणाचा वाटला. मी फक्त वहीत लिहून ठेवलं. पुढंमागं लागलं तर असावं म्हणून.

दसऱ्याला आमच्याकडं शस्त्रपूजा असायची. पाटावर दोन्ही पिस्तुलं, मामंजींची डेपोतली फूटपट्टी, आजोबांचं फाउंटनपेन, माझी कात्री. हळदकुंकू मी लावायचं. त्या दसऱ्याला जर्मन पिस्तुलाच्या मुठीला कडी होती, आणि कडीत भगवी दोरी ओवलेली. भाऊजी माझ्याकडं पाहून राहिले होते, मी काही म्हणेन म्हणून. मामंजी म्हणाले, "अरे वा, वारस मिळाला वाटतं याला!" मी इंग्रजी रिव्हॉल्व्हरला कुंकू लावलं, फूटपट्टीला लावलं, पेनला लावलं. जर्मन पिस्तुलाला लावलं नाही. हात त्यावरून तसाच पुढं नेला. भाऊजींनी ते पाहिलं. मग भाऊजींनी आपल्याच बोटानं कुंकू घेऊन त्या पिस्तुलाला लावलं आणि उठून गेले.

त्या रात्री नाही, दोन दिवसांनी मी आजोबांना सांगितलं की चूल वेगळी करायची. कारण सांगितलं नाही, शाळा आणि घर झेपत नाही असं म्हटलं. आजोबा म्हणाले, "एका माणसाच्या दोन पोळ्यांनी काय होऊन राहिलंय तुला?" मी म्हटलं, "मला नाही जमत." मामंजी माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. भाऊजींनी मात्र एक शब्द काढला नाही. दीक्षितपुऱ्यातल्या एका खानावळीत त्यांनी महिना लावला. दोन्ही वेळ सायकलनं तिथं जायचे आणि जेवून यायचे, त्याच घरात झोपायला, जिथं माझ्या फोडणीचा वास त्यांच्या खोलीत जात असणार. पुढं आम्हाला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, मामंजीही आमच्याकडं आले, आणि भाऊजी चेरीतालला एकटे राहिले ते शेवटपर्यंत. बढती आजोबांना मिळाली. त्या नगांचं पुढं काय झालं ते कोणाला कळलं नाही. कोणाला पकडलं नाही, म्हणून मला तर जास्तच खात्री वाटत राहिली.

त्या वर्षी दिवाळीला भाऊजी एक कागदी पुडी घेऊन आले. "वहिनी, हे घ्या. अकरा नंबरची जोडी. सदर बाजारातल्या दुकानात मिळाली." मी पुडी घेतली, आभार मानले आणि ट्रंकेत ठेवून दिली. मनात म्हटलं, लाच आहे. तोंड बंद ठेवायची. त्या सुया मी कधी वापरल्या नाहीत.

आणि तेव्हापासून त्यांची ती सवय सुरू झाली. सणावाराला घरी आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबायचे आणि फाटकावर करतात तसे दोन्ही हात वर करायचे. "घ्या वहिनी, झडती. आज फक्त भूक आणली आहे." सगळे हसायचे. तुमचे बाबा लहान असताना त्यांच्या मागं उभे राहून तसेच हात वर करायचे. एकाहत्तरच्या लढाईत केलं, आजोबा गेले त्या वर्षीच्या पाडव्याला केलं, मागच्या दिवाळीला काठी भिंतीला टेकवून केलं. मीही हसायची. पण दर वेळी मनात यायचं, यांना माहीत आहे का, मला माहीत आहे ते? ही थट्टा आहे की टोमणा? साठ वर्षं मला त्याचं उत्तर काढता आलं नाही, आणि विचारायचं तर पहिल्यापासून विचारावं लागलं असतं.

तेरावा झाल्यावर तुमचे बाबा म्हणाले की परवानाधारक गेला म्हणजे शस्त्रं जमा करावी लागतात, मी देऊन येतो. मी म्हटलं, मी पण येते. सदरला एक जुनं बंदुकीचं दुकान आहे, तिथं पोलीस ठाण्याच्या परवानगीनं ठेवायची होती. मालक माझ्याहून थोडेच लहान. त्यांनी हिरव्या कापडावर दोन्ही पिस्तुलं ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि जर्मन पिस्तुलाचा एकेक भाग पाहत गेले. "तिरसठ... तिरसठ... वाह माताजी, क्या सँभाला है! सारे नंबर मिलते हैं।" मग मुठीशी थांबले. "बस ये कड़ी किसी और की है। इस पर ग्यारह है।"

ईशा, निखिल, मला त्या क्षणी आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. साठ वर्षांनी पुरावा. चोरीच्या वस्तूवर दुसऱ्याचाच नंबर असणार. मी तुमच्या बाबांकडं वळून म्हटलंसुद्धा, "मी म्हणतच होते." ते म्हणाले, "काय म्हणत होतीस, आई?" आणि माझ्या लक्षात आलं की मी कधीच काही म्हटलं नव्हतं. दुकानदार कडी उलटसुलट करून पाहत होते. ती कारखान्यातली आहे का असं मी विचारलं. "ना, ना। कारख़ाने का माल ऐसा नहीं होता। ये तो किसी सुनार के हाथ का काम है, जोड़ देखिए, कितना महीन है। तार अच्छा है, पक्का इस्पात। कहाँ से लिया, वही जानें।"

घरी आले. मी शस्त्रं जमा केल्याची पावती वहीत लावायला बसले, आणि कडीची तारीख ताडून पाहावी म्हणून पासष्टची वही काढली. तुम्हाला माहीत आहे, मी वह्या टाकत नाही. पान सापडलं. "शनिवार. भा. यांच्या डब्यात पोलादी कडी. नवी. कुठून?" माझंच अक्षर, तेव्हा किती सरळ होतं. आणि त्याच पानावर, तीन ओळी वर, त्याच निळ्या शाईत, "सुई नं. ११, एक, गहाळ."

दोन्ही नोंदी माझ्या हातच्या. मध्ये दोन ओळी लोकरीच्या. दोन्ही मी खाली रेघ मारून ठळक केल्या होत्या.

मी उठून ट्रंक उघडली. एकटी राहिलेली अकरा नंबरची सुई तिथं होती, टाकली कशी असती? तिच्या डोक्याजवळचे दोन आकडे पाहिले. पहिला एक जरा तिरका, दुसरा सरळ. दुकानदारांनी भिंगातून दाखवलेली कडी मला आठवत होती, पण माझ्या आठवणीवर माझा आता विश्वास नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सुई घेऊन पुन्हा दुकानात गेले. त्यांनी सुई आणि कडी शेजारी ठेवली. भिंग माझ्या हातात दिलं. पहिला तिरका, दुसरा सरळ. चोरी झाली होती, वसंतभाऊजींनीच केली होती. माझ्या टोपलीतून.

जवानांच्या स्वेटरची सुई मी मागितली तरी दिली नसती, हे त्यांना ठाऊक असणार. कडीपुरती एक उचलली तर कळणार नाही असं वाटलं असेल. मग मी पिशव्या उघडायला लावल्या आणि चोर शोधीन म्हणाले, आणि फाटकावरच्या शिपायांना न घाबरणारा माणूस मला घाबरला. खानावळीत जेवला, पण बोलला नाही. का नाही बोललात, भाऊजी? एवढ्या वर्षांत एकदा तरी? की तुम्हालाही माझ्यासारखंच वाटत होतं की आता विचारायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल...

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एक शंका अजून शिल्लक आहे. ज्या माणसानं आयुष्यभर केसाएवढा ओरखडा नापास केला, त्यानं कडीवरचे ते दोन आकडे कानशीनं घासून का टाकले नाहीत? दोन मिनिटांचं काम. उलट ते बाहेरच्या बाजूला येतील अशीच कडी वळवून घेतली आहे, सोनाराला तसं सांगावं लागलं असणार. आणि दसऱ्याला पाटावर ती माझ्यासमोर ठेवून ते माझ्याकडं पाहून राहिले होते. मी कुंकू लावायला वाकले असते तर मला ते आकडे दिसले असते. आपलाच नंबर मी ओळखला असता, रागावले असते, मग हसले असते. असं त्यांनी धरलं होतं का? मी हात पुढं नेला, म्हणून त्यांना साठ वर्षं थांबावं लागलं आणि शेवटी खाटेवरून सांगावं लागलं, तुम्हीच जा?

काल चेरीतालला गेले. खोली रिकामी करायची आहे, किल्ली माझ्याकडं असते. कपाटाची यादी करायची म्हणून वही घेतली होती, आणि ती सुई, का कोण जाणे, सोबत घेतली. कुलूप काढलं. खाट तिथंच, रविवारच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा खिडकीत, तेलाचा वास अजून आहे. मी आत जायला पाय उचलला आणि उंबऱ्यावर थांबले. वही खाली ठेवली. मग दोन्ही हात वर केले. वेळ लागला, माझे खांदे आता पूर्वीसारखे वर जात नाहीत. डाव्या हातात सुई होती, तीही वर धरली, दिसेल अशी.